द्रवरूप चुना की चुनखडीची भुकटी? आम्ल जमीन सुधारताना या चुका टाळा

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातील जांभ्या जमिनी मुळातच आम्लधर्मी आहेत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत मुरणारे पाणी मातीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम धुऊन नेते आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहते. सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितकी जमीन आम्ल) साधारण 5.5 च्या खाली उतरला की हेच ॲल्युमिनियम विरघळून मुळांची वाढ खुंटवते, आणि खतातून दिलेले स्फुरद लोह-ॲल्युमिनियमशी बांधले जाऊन पिकाला मिळत नाही. यावर चुना हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. प्रश्न येतो तो गोणी घ्यावी की बाटली, हा. सामू किती वाढेल हे मातीत किती किलो कार्बोनेट (चुनखडीतील आम्लता उदासीन करणारा घटक) पडले यावर ठरते, आणि निवड चुकते ती बहुधा हा हिशेब न केल्यामुळे.

‘एकरी एक लिटर पुरे’ या सांगण्यावर विसंबणे ही सर्वांत महागडी चूक आहे. द्रवरूप चुना म्हणजे अतिशय बारीक दळलेली चुनखडी पाण्यात तरंगती ठेवलेली असते, आणि त्यात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचेच असते. एक लिटरच्या बाटलीत फार तर किलोभर कार्बोनेट निघेल. एक एकरातील वरच्या 15 सेंटिमीटर मातीचे वजन मात्र सुमारे 8 ते 9 लाख किलो भरते. शिवाय युरियाची 45 किलोची एकच गोणी कालांतराने जी आम्लता निर्माण करते, ती उदासीन करण्यासाठी साधारण 37 किलो कार्बोनेट लागते. मग त्या किलोभराने काय साधणार? अमेरिकेत द्रवरूप चुना मोठ्या क्षेत्रावर वापरतात तेव्हा तो टँकरने टाकतात, यावरून लागणाऱ्या प्रमाणाची कल्पना यावी.

घरी चुन्याची निवळी करून आळ्यात ओतणाऱ्यांनीही हा हिशेब पाहावा. चुना पाण्यात फारच थोडा विरघळतो. एका लिटरमध्ये जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम. दोनशे लिटरच्या पिंपातील स्वच्छ निवळीतून त्यामुळे जेमतेम 300 ते 350 ग्रॅम चुना जमिनीला मिळतो, आणि खरा ऐवज तळाच्या गाळात राहतो.

दुसरी चूक लेबल न वाचण्याची. कॅल्शियम असलेला प्रत्येक पदार्थ सामू वाढवत नाही. ‘लिक्विड कॅल्शियम’ म्हणून मिळणारी अनेक द्रावणे कॅल्शियम क्लोराइड किंवा कॅल्शियम नायट्रेटची असतात. ती पिकाला कॅल्शियम पुरवतात, परंतु आम्लता उदासीन करणारा कार्बोनेट किंवा हायड्रॉक्साइडचा भाग त्यांत नसतो. जिप्समचेही तसेच आहे. भुईमुगाच्या शेंगा भरण्यासाठी आणि चोपण जमिनीसाठी ते उत्तम आहे, मात्र आम्ल जमिनीचा सामू त्याने वाढत नाही. शंका असल्यास चमचाभर पदार्थावर व्हिनेगर टाकून पाहावे. बारीक चुनखडी असेल तर ती लगेच फसफसते; क्लोराइड किंवा नायट्रेटचे द्रावण फसफसणार नाही.

द्रवरूप चुना लवकर लागू पडतो हे खरे आहे, पण त्याचे कारण कणांची बारकाई हे आहे, पाणी नव्हे. तितकीच बारीक भुकटी ओल्या मातीत नीट मिसळली तर जवळपास त्याच वेगाने काम करते. म्हणून गोणी घेताना चिमूटभर भुकटी बोटांत चोळून पाहावी. पिठासारखी मऊ लागली तर ती चांगली. रव्यासारखी खरखरीत लागली तर तिचा परिणाम दिसायला वर्षे जातील. पाव मिलिमीटरपेक्षा बारीक कण साधारण वर्षभरात काम पूर्ण करतात.

भाजलेल्या चुन्याची मात्रा चुनखडीइतकीच धरू नये. शुद्ध चुनखडीच्या 100 किलोंचे काम विझवलेला चुना 74 किलोंत आणि कळीचा चुना 56 किलोंत करतो. कळीचा चुना हाताळताना डोळे व त्वचा भाजण्याचा धोका असतो, त्यामुळे हातमोजे आणि चश्मा घालावाच. मातीत मॅग्नेशियमही कमी असेल तर डोलोमाइट (मॅग्नेशियमयुक्त चुनखडी) निवडावे.

केवळ सामूचा आकडा पाहून मात्रा ठरवणे चुकीचे आहे. सामू सारखाच असला तरी रेताड जमिनीपेक्षा चिकण किंवा सेंद्रिय पदार्थ अधिक असलेल्या जमिनीला जास्त चुना लागतो. माती परीक्षणाच्या वेळी ‘चुन्याची गरज’ वेगळी काढून मागावी. पूर्ण मात्रेचा खर्च झेपत नसेल तर पेरणीच्या ओळीत दरवर्षी हेक्टरी 2 ते 4 क्विंटल भुकटी देणे हा परवडणारा मार्ग आहे. भाताच्या खाचरात पाणी साचून राहिल्यावर सामू काही आठवड्यांत आपोआप उदासीनतेकडे सरकतो, त्यामुळे भुईमूग किंवा भाजीपाल्याच्या वरकस जमिनीला चुन्यात आधी प्राधान्य द्यावे. देशावरील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत मात्र चुना अजिबात टाकू नये. तेथे लोह आणि जस्ताची कमतरता आधीच असते व ती आणखी वाढते.

चुना आणि युरिया, अमोनियम सल्फेट किंवा ताजे शेणखत एकाच वेळी देऊ नये. नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडून जाते. दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे.

द्रवरूप चुन्याला खरी जागा आहे ती रोपवाटिकेच्या पिशव्या, कुंड्या, पॉलिहाऊसमधील वाफे, किंवा जेथे मशागत करता येत नाही अशा उभ्या बागेतील मोजकी आळी येथे. ठिबकमधून तो सोडू नये, कारण तरंगते कण ड्रीपर बंद पाडतात.

चुना देऊनही सामू हलला नाही, तर आधी नमुना तपासावा. भुकटी वरच्या थरात पडून राहिली आणि नमुना 15 सेंटिमीटरवरून घेतला, तर फरक दिसणार नाही. आणि केवळ वरची माती खरवडून घेतली, तर तो नको इतका दिसेल. कोरड्या मातीत चुना निष्क्रिय राहतो, म्हणून ओलावा मिळून किमान सहा महिने झाल्यावर, पहिल्या वेळेइतक्याच खोलीवरून आणि शक्यतो त्याच हंगामात पुन्हा नमुना घ्यावा.