तीन अक्षरांवरून सोळा घरं

वेड्यावाकड्या तुकड्यांत विभागलेल्या जाळीचं, सुडोकूसारखं अक्षरांचं कोडं हाती आलं की मी आधी अक्षरांकडे बघतच नाही. तुकड्यांच्या कडांवरून पेन्सिल फिरवून त्या ठळक करून घेते. पूर्वी घराघरात शक्य ती सगळी अक्षरं बारीक लिहून एकेक खोडत बसायचे. त्यात कागदाला भोकं पडायची, कोडं मात्र तिथंच राहायचं.

आजचं कोडं बघा. ओळीत, स्तंभात आणि तुकड्यात क, ख, ग, घ प्रत्येकी एकदाच यायला हवेत.

ग · · क
· · · ·
· · · ·
· · · ख

तुकडे चार. पहिल्यात वरच्या ओळीतली डावीकडची तीन घरं आणि मधल्याच्या खालचं एक घर, म्हणजे दुसऱ्या ओळीतलं दुसरं. कागद पाव फेरा वळवला की याच आकारात पुढचा तुकडा दिसतो. चारही कडांना असंच.

आता खरी गंमत. वरच्या ओळीत चार अक्षरं, पहिल्या तुकड्यातही तीच चार. तीन घरं दोघांची सामाईक. मग ओळीचं उरलेलं घर, म्हणजे उजवा कोपरा, आणि तुकड्याचं खाली आलेलं घर यांत एकच अक्षर असणार! तिथं क लिहा. काहीही न खोडता घर भरलं. मला ही युक्ती सापडली त्या रात्री मी जुनी अर्धवट कोडी काढून बसले होते.

उजव्या कडेला तेच: खालचा ख दुसऱ्या ओळीच्या तिसऱ्या घरात. डाव्या कडेला वरचा ग तिसऱ्या ओळीच्या दुसऱ्या घरात.

दुसऱ्या ओळीत ग, घ उरले. डाव्या स्तंभात ग आहेच, म्हणून डावीकडे घ, उजवीकडे ग. उजव्या स्तंभात मग घ राहिला. तिसऱ्या ओळीत क, ख उरतात; तिसऱ्या स्तंभात ख असल्यामुळे तिथं क, आणि डाव्या टोकाला ख. बाकीचं आपोआप सुटतं:

ग ख घ क
घ क ख ग
ख ग क घ
क घ ग ख

तुकडे नसते तर ४ बाय ४ ची जाळी ५७६ प्रकारे भरता येते. या तुकड्यांसह मी हातानं मोजलं, ९६ च उरतात.

९ बाय ९ मध्ये एका ओळीवर भागत नाही. दोन-तीन ओळी एकत्र घ्या आणि तितकेच तुकडे धरा. या तुकड्यांची त्या पट्ट्याबाहेर आलेली घरं आणि परक्या तुकड्यांची आत शिरलेली घरं संख्येनं सारखी, आणि त्यांतली अक्षरंही तीच. बाहेर एकच घर आलंय अशी जागा आधी शोधा.