टार्गेट भलतीकडेच दिसतंय? फ्रिक्वेन्सी अजाइल रडारमध्ये कॉम्प्रेस्ड सेन्सिंग लावताना या चुका टाळा

फ्रिक्वेन्सी अजाइल रडार म्हणजे दर पल्सला फ्रिक्वेन्सी बदलणारं रडार, आणि कॉम्प्रेस्ड सेन्सिंग म्हणजे टार्गेट मोजकीच आहेत असं धरून थोड्या मापांतून ती शोधायची पद्धत. प्रोजेक्टवाल्या पोरांचा मेसेज ठरलेला असतो, "दादा, ओएमपी (एकेक टार्गेट शोधून वजा करत जाणारी पद्धत) चुकीचं टार्गेट देऊन राहिलं, एल-वन (दुसरा सॉल्व्हर) लावून पाहू का?" अरे काहून बाप्पा, सॉल्व्हर बदलून काय होणार, बहुतेक वेळा गडबड डिक्शनरीतच असते, म्हणजे प्रत्येक संभाव्य अंतर-वेगाला रडारवर कसा सिग्नल येईल त्या कॉलमांच्या तक्त्यात.

सगळ्यात महागात पडते ती वेगाच्या टर्ममधली चूक. कॅरियर (रडारची मूळ फ्रिक्वेन्सी) दर पल्सला उडी मारतो, पण डॉपलरचा (टार्गेटच्या वेगामुळे होणारा) फेज काढताना सगळ्यांसाठी एकच बेस फ्रिक्वेन्सी धरून मोकळे होतात. हॉपिंगचा (फ्रिक्वेन्सीच्या उड्यांचा) बँड छोटा असेल तर खपून जातं. पण ६४ पल्स, १०० मायक्रोसेकंदांचा पीआरआय (दोन पल्समधला वेळ) आणि ३०० मीटर प्रति सेकंद वेग घ्या, तेवढ्यात टार्गेट जवळपास १.९ मीटर सरकतं, आणि एकूण बँड ६४० मेगाहर्ट्झ असेल तर रेंज रिझोल्यूशन साधारण २३ सेंटिमीटर, म्हणजे ते आठेक सेल (रेंजचे कप्पे) ओलांडून गेलं आणि तुमची डिक्शनरी म्हणते जागेवरच उभं आहे. वेगाच्या टर्ममध्येही त्या-त्या पल्सचीच फ्रिक्वेन्सी टाका, कोडमध्ये एका ओळीचं काम आहे.

टेस्टिंगला चढत्या क्रमाचा कोड (फ्रिक्वेन्सींचा क्रम) नको. त्यात रेंज आणि वेग दोघांचाही फेज पल्स नंबरसोबत सरळ रेषेत वाढतो, वेगळे ओळखू येत नाहीत. रँडमच घ्या, आणि एका सीडवर (एकाच रँडम क्रमावर) छान आलं म्हणून लगेच रिपोर्ट लिहायला बसू नका.

आता क्लटर, म्हणजे नको असलेल्या वस्तूंवरून परत येणारा सिग्नल. नागपूरच्या वर्धा रोडवरच्या गाड्या पकडायच्या म्हटलं तर तो डबलडेकर पूल, मेट्रोचे खांब, बिल्डिंगी, हे सगळं स्पार्स (मोजकंच) थोडीच आहे? नेहमीसारखं लागोपाठच्या दोन पल्सची वजाबाकी इथे चालत नाही, कारण दोघांची फ्रिक्वेन्सी वेगळी. एकाच फ्रिक्वेन्सीच्या पल्सचा गट करा, त्या गटाची सरासरी वजा करा, थांबलेलं सगळं निघून जातं, आणि हीच क्रिया डिक्शनरीच्या कॉलमवरही करा (हे हमखास विसरतात). पण प्रत्येक फ्रिक्वेन्सी एकदाच वापरली असेल तर सरासरी वजा केल्यावर उरतं शून्य! म्हणून ६४ पल्सला १६ फ्रिक्वेन्सी असं काहीतरी ठेवा. आणि पाऊस बघायचा असेल तर हा नाद सोडा, पाऊस पसरलेला असतो, ते काम नागपुरातल्या हवामान खात्याच्या डॉपलर रडारचं.

जॅम झालेल्या (दुसऱ्या सिग्नलने बिघडवलेल्या) पल्सच्या जागी डेटात शून्य भरता आणि डिक्शनरी तशीच ठेवता, हे चूक. त्या पल्सच्या ओळी डेटा आणि डिक्शनरी दोन्हीकडून काढा, कॉलम परत नॉर्मलाइज करा (सगळ्यांची लांबी सारखी करा).

ओएमपीला टार्गेटची संख्या आधीच सांगू नका, उरलेली एनर्जी नॉइजइतकी झाली की थांबवा. टार्गेट ग्रिडच्या (डिक्शनरीत धरलेल्या अंतर-वेगाच्या जाळीच्या) दोन बिंदूंमधे पडलं तर बाजूला भुतं (खोटी टार्गेट) दिसतात, त्यावर ग्रिड बारीक करत सुटलात तर शेजारचे कॉलम एकसारखे होतात. त्यापेक्षा सापडलेलं टार्गेट आसपास बारीक शोधून मगच वजा करा.

सिम्युलेशन मस्त आणि हार्डवेअरवर कचरा येत असेल तर सिंथेसायझरचा (फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या भागाचा) फेज तपासा. माहीत असलेल्या अंतरावर कॉर्नर रिफ्लेक्टर (सिग्नल आला तसा परत पाठवणारा कोपरा) ठेवून प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा फेज मोजा. दर हॉपला तो बदलतच असेल तर लूपबॅकशिवाय (पाठवलेला सिग्नल थेट रिसीव्हरला देऊन फेज मोजल्याशिवाय) पर्याय नाही. आणि मे महिन्यात गच्चीवर बोर्ड ठेवला असेल तर सकाळचं कॅलिब्रेशन दुपारी धरू नका, परत घ्या.