सोशल मीडियावरचं खातं बंद झालं? कारण लेखी मागा
नवं खातं लगेच उघडू नका. बहुतेकदा तेही बंद पडतं. बंदीच्या सूचनेचा तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट आणि पैसे भरल्याच्या पावत्या जपा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा: ‘कोणत्या पोस्टमुळे कोणता नियम मोडला?’ एवढंच. रागाचे चार परिच्छेद कुणी वाचत नाही. २०२१ च्या आयटी नियमांनुसार २४ तासांत पोच मिळायला हवी. सोशल मीडिया कंपनीचं उत्तर पटलं नाही, तर ते मिळाल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करा. पैसे अडकलेत? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगात फुकटच्या खात्याची बाजू लंगडी पडते, पावती हवीच. कंपनी बंगळुरूची असली तरी पुणेकराला पुण्याच्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही.