मैफलीचे फोटो फसतात कुठे? या चुका टाळा

गवयाचा चेहरा पांढराफटक आणि कुर्त्यावर एकही सुरकुती दिसत नाही? मग कॅमेऱ्याच्या मोजमापावर डोळे मिटून विश्वास ठेवला गेलाय. मंचामागे काळोख असतो. कॅमेरा अख्ख्या चौकटीची सरासरी काढतो, तो काळोख उजळायला जातो आणि चेहरा जाळून टाकतो. स्पॉट मीटरिंग, म्हणजे फक्त एका ठिपक्यापुरतं उजेडाचं मोजमाप, चेहऱ्यावर घ्या, नाहीतर सरळ मॅन्युअलवर जा, म्हणजे आकडे स्वतः बसवा. शास्त्रीय मैफलीत दिवे सहसा फारसे बदलत नाहीत, त्यामुळे एकदा बसवलेलं गणित बराच वेळ टिकतं. रॉक शोमध्ये दर ओळीला रंग पालटतो, तिथे ही चैन नाही. दोन्हीकडे रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, मात्र हवीच.

हललेल्या फोटोंचं कारण बहुतेकदा आयएसओची, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता वाढवण्याची धास्ती. ३२००, ६४०० खुशाल वापरा. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला चेहरा दुरुस्त होत नाही. बसून गाणाऱ्याला १/२०० सेकंदाचा शटरवेग पुरतो. तबलजीची बोटं थिजवायची तर १/५०० किंवा त्याहून जलद.

फोटोवर आडवे पट्टे आले तर दोष एलईडी दिव्यांचा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण इलेक्ट्रॉनिक, म्हणजे मूक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं आणि ते लुकलुकणं पट्ट्यांच्या रूपात उमटतं. यांत्रिक शटर वापरून वेग १/१०० किंवा १/५० ठेवला की पट्टे बहुधा जातात. पण विलंबित आलापीत ती खटखट शेजारचा रसिक सहन करणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणून आलापीत मूक शटर आणि १/१००, द्रुत सुरू झाली की यांत्रिक. मागच्या एलईडी पडद्याचं लुकलुकणं वेगळं असतं. त्याची चाचणी कार्यक्रमाआधीच घ्या.

आता खरी अडचण. सगळं तांत्रिक नीट असूनही गवय्याचं तोंड वेडंवाकडं येतं, कारण फोटोग्राफर बघतो, ऐकत नाही. ऐन तानेत बटण दाबलं की जबडा वाकडा आणि डोळे अर्धवट मिटलेले असेच मिळणार. समेकडे, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडे लक्ष ठेवा. समेवर गवई आणि तबलजी एकमेकांकडे बघतात, हात उतरतो, चेहरा मोकळा होतो, एखादी दाद ओठांवर येते. विलंबित एकतालात आवर्तन इतकं सावकाश चालतं की जागा धरायला भरपूर वेळ मिळतो. द्रुत तीनतालाच्या सोळा मात्रा काही सेकंदांत सरतात. तिथे समेच्या किंचित आधीच सुरुवात करावी लागते. ताल मोजता येत नसेल तर लेन्सवर खर्च करण्याआधी ठेका ओळखायला शिका, स्वस्तात पडेल.

उभं कुठे राहायचं? तबला बहुधा गवयाच्या उजव्या हाताला, म्हणजे आपल्या डावीकडे असतो. त्या बाजूने गेलात तर समेवर वळलेला गवयाचा चेहरा मिळतो, उलट बाजूने तबलजीचा. डोक्यातून उगवलेला तानपुरा आणि तोंडावर आलेला माइक, दोन्हींवर अर्धं पाऊल सरकणं हाच इलाज.

फ्लॅश, फोकसचा लाल दिवा आणि बीप बंद. मागचा स्क्रीनही मंद ठेवा.

प्रेरणेसाठी फक्त धूर आणि लेझरचे फोटो स्क्रोल करत बसणं हीसुद्धा चूकच. पुण्याचे सतीश पाकणीकर यांची कलावंतांची प्रकाशचित्रं शोधा. सवाई गंधर्व महोत्सव त्यांनी वर्षानुवर्षं टिपलाय. दिल्लीचे अविनाश पसरिचा यांची नृत्य-संगीताची छायाचित्रं पाहा. छायाचित्रकार रघु राय यांनी गायक-वादकांना मंचाबाहेरही गाठलंय. माझं मत विचाराल तर शिकणाऱ्याने पसरिचांपासून सुरुवात करावी, कारण नृत्यात क्षण चुकला की तो फोटोत लगेच दिसतो.

पाहताना तीन गोष्टी शोधा: उजेड कुठून येतोय, फोटोग्राफर कुठे बसलाय, बटण कोणत्या क्षणी दाबलंय. पुष्कळदा फोटो मैफलीचा नसून त्याआधीचा, तानपुरे जुळवतानाचा निघेल. ग्रीनरूममध्ये तोंडासमोर माइक नसतो. आधी विचारून परवानगी मिळाली तर तिथे लवकर पोहोचा. बाकीचे फोटोग्राफर तेव्हा बाहेर चहा पीत असतात.