ऑक्टोबर हीटमधले नवे लॉन: कोपरा उचलून बघा

परतीचा पाऊस सरला की पुण्यात लॉन घालायची घाई सुटते. तुळशीच्या लग्नानंतर मांडव पडणार म्हणून मंगल कार्यालयांना, दिवाळीला पाहुणे येणार म्हणून मुळशी-पानशेतकडच्या फार्महाउसना. उरुळी कांचनहून मातीसकट कापलेल्या हिरवळीच्या तुकड्यांचा टेम्पो येतो, संध्याकाळपर्यंत अंगण हिरवे होते आणि दहाव्या दिवशी कडा पिवळ्या पडतात. मालक म्हणतो, पाणी तर रोज मारतोय. मारतोही, पण ते तुकड्याच्या बोटभर मातीतच जिरते. खालची जमीन ठणठणीत कोरडी राहते आणि मूळ तिकडे उतरतच नाही.

तुकडे यायच्या आदल्या दिवशी जमीन भिजवा आणि वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, लावा. खाली मुरमाची भर असेल तर त्यावर 4 ते 6 इंच पोयटा (गाळाची सुपीक माती) हवाच.

लावताना:
- तुकडे आले त्याच दिवशी लावायचे. ढिगात ते आतून तापतात
- विटांसारखे सांधे चुकवायचे, फटीत पोयटा भरायचा
- हलका रोलर दोन्ही दिशांनी

पहिले पाणी अर्ध्या तासात: 100 चौरस फुटांना 200 ते 225 लिटर. 15 लिटरची बादली पाइपाने मिनिटात भरत असेल, तर तेवढ्या जागेला 15 मिनिटे. मग कोपरा उचला आणि खालच्या मातीत स्क्रूड्रायव्हर खुपसा. 4 इंच सहज गेला पाहिजे. अडला तर पुन्हा पाणी, वरून कितीही ओले दिसो.

पुढचे 10-12 दिवस दिवसातून दोनदा, 100 चौरस फुटांना 50 लिटर. ऊन कडक असेल तर तीनदा. रोज वेगळा कोपरा उचलून बघायचा. पेव्हर ब्लॉक आणि भिंतीलगतची पट्टी आधी सुकते, तिला जास्त द्या. पावलाचा ठसा उमटून तसाच राहिला, की घड्याळ न बघता पाणी सोडा. एरवी शेवटचे पाणी चारच्या आत. रात्री पाने ओली राहिली तर बुरशीचे गोल चट्टे पडतात; तसे दिसल्यास कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक फवारा, लिटरभर पाण्याला 2.5 ग्रॅम.

साधारण बाराव्या दिवशी तुकडा ओढून बघा. हलत नसेल तर एक दिवसाआड आणि पुढे आठवड्यातून दोनदा पाणी, पण दर वेळी भरपूर. रोज थोडे थोडे शिंपडत राहिलात तर मुळे वरच राहतील आणि मार्चमध्ये लॉन जळेल.

खाली ओल असूनही तुकडा गालिच्यासारखा सुटला आणि मुळे कुरतडलेली दिसली, तर ती हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी. बहुतेकदा कच्च्या शेणखतातून येते. 100 चौरस फुटांना 20 ग्रॅम मेटारायझियम (अळी मारणारी बुरशी), संध्याकाळी, ओल्या जमिनीत.

दुकानदार ह्युमिक, सीवीड, ‘रूट बूस्टर’ अशा बाटल्या पुढे करेल. कोरड्या मातीत मूळ बाटलीच्या जोरावर उतरत नाही. तेच पैसे पोयट्याला आणि रोलरच्या भाड्याला घाला. युरियासुद्धा चार आठवड्यांनी: 100 चौरस फुटांना 100 ग्रॅम, निम्मा-निम्मा 15 दिवसांच्या अंतराने, पाने कोरडी असताना, लगेच पाणी.

कापणी:
- तिसऱ्या आठवड्यात, तुकडा हलत नसेल तरच
- उंचीचा एक तृतीयांश भागच कापायचा
- पात्याला धार हवी

मांडवाचे खांब आणि मॅटिंग किमान सहा आठवडे नको. लग्नाची तारीख त्याआधीची असेल, तर मांडवाखालची जागा सध्या मोकळीच ठेवा आणि तिथले तुकडे कार्य उरकल्यावर मागवा.