टीम पहिल्यांदाच हाती येते तेव्हा: काम सोपवणं आणि त्याचा पाठपुरावा

नव्या मॅनेजरच्या बहुतेक तक्रारींचं मूळ काम सोपवण्यात सापडतं. काम अर्धवट सांगितलं जातं, मग उशीर होतो, मग चिडचिड, आणि शेवटी ‘राहू दे, मीच करतो’. हे वाक्य दोन-तीनदा ऐकलं की टीमला कळून चुकतं: काम रेंगाळलं तर ते आपोआप वर परत जातं.

काम देताना चार गोष्टी सांगाव्यात. पूर्ण झालेलं काम कसं दिसेल, ते कधी हवं, मधे कधी बघायचं आणि कोणते निर्णय विचारल्याशिवाय घेता येतील. शेवटची गोष्ट हमखास राहून जाते. मग माणूस एकतर प्रत्येक बारीकसारीक बाब विचारत राहतो, नाहीतर नको तो निर्णय घेऊन बसतो. ‘तक्रारींचा रिपोर्ट कर’ एवढ्याने भागत नाही. ‘मागच्या तीन महिन्यांतल्या तक्रारी प्रकारानुसार, दोन पानांत, गुरुवारी दुपारी ४ पर्यंत. प्रकार कोणते ते तू ठरव, पण ग्राहकाला फोन करायचा असेल तर आधी मला सांग’ असं सांगायला अर्धा मिनिट लागतो. त्यानंतर ‘समजलं ना?’ विचारू नका, उत्तर ‘हो’च येणार. ‘सुरुवात कुठून करशील?’ असं विचारलं की गैरसमज असेल तर तो तिथेच उघडा पडतो.

पाच दिवसांचं काम असेल तर पहिली नजर दुसऱ्या दिवशीच टाकावी. तेव्हा दिशा बदलणं सोपं असतं. चौथ्या दिवशी त्याच दुरुस्तीसाठी सगळं उकरावं लागतं. ‘किती झालं?’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘जवळजवळ झालंय’ म्हणतात, आणि ते खोटंही बोलत नसतात. राहिलेल्या भागाचा अंदाजच नसतो. ‘काय काय उरलंय आणि कशात अडलंय?’ याचं उत्तर देताना तो अंदाज घ्यावाच लागतो.

उशीर होणार हे दिसलं की लगेच माणसं वाढवायचा मोह होतो. पाच जणांत आपसांतल्या जोड्या १० होतात, आठ जणांत २८. एवढ्या जोड्यांमधला ताळमेळ राखावा लागतो, शिवाय नव्यांना शिकवायला जुन्यांचाच वेळ जातो. आधी कामाचा आवाका कमी करता येतो का ते बघा, नाहीतर तारीख पुढे न्या, आणि ते वरिष्ठांना मुदतीच्या आधी सांगा. मुदत उलटल्यावर सांगितलं तर त्यांच्या हाती करण्यासारखं काही उरत नाही.

चूक दाखवायची असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, एकांतात. ‘तू बेजबाबदार आहेस’ यावर वाद होतो. ‘मंगळवारी आणि बुधवारी फाइल संध्याकाळी आली, तपासायला वेळच उरला नाही’ यावर बोलता येतं. एवढं बोलून थांबा. ती शांतता अवघड वाटते, पण खरं कारण तिच्यातूनच बाहेर येतं, आणि बरेचदा ते मॅनेजरनेच सोडवण्यासारखं असतं: माहिती दुसऱ्या विभागाकडून उशिरा येते, किंवा दोन वरिष्ठ एकाच वेळी दोन कामं देतात. टीका कौतुकाच्या दोन वाक्यांमध्ये दडवू नका. पुढे खऱ्या कौतुकावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

प्रत्येकाशी पंधरा दिवसांतून ३० मिनिटं स्वतंत्र बोलावं. सहा जणांची टीम असेल तर एकूण तीन तास. त्यात कामाचा हिशोब घेऊ नये, तो इतर वेळी होतोच. काल बरोबरीने बसणाऱ्या सहकाऱ्यांशी तर ही भेट पहिल्याच आठवड्यात घ्यावी आणि मोकळेपणाने सांगावं की मूल्यमापन आणि रजा आता आपल्याकडे आहेत, त्यामुळे टीममधल्या इतरांविषयीच्या गप्पांत आपण नसू.

भेट झाली की त्या माणसाच्या नावाच्या फाइलमध्ये तारखेसह दोन ओळी लिहा, चांगल्या कामाच्याही. नाहीतर वार्षिक मूल्यमापनाला बसताना शेवटचे काही आठवडेच आठवतात आणि वर्षाच्या सुरुवातीला राबलेल्या माणसावर अन्याय होतो.