दिवेलागणीनंतरचे वर्तुळ : मंडल रेखाटनाला सुरुवात करणाऱ्यांसाठी

वडिलांच्या दीर्घ आजारपणात माझी झोप पार उडाली होती. वेंगुर्ल्याच्या घरी रात्री सगळे निजले की मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून राहत असे. अशाच एका रात्री भाचीच्या कंपासपेटीतले वर्तुळ काढायचे कर्कटक हाती आले आणि मी पहिले मंडल, म्हणजे एका मध्यबिंदूभोवती वर्तुळात फुलत जाणारी नक्षी, काढले. ते वाकडेच होते; पण ते काढताना गेलेल्या पाऊण तासात औषधांच्या वेळा मनात घोळल्या नव्हत्या, हे दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले.

नवख्या व्यक्तीने तयार नक्षी रंगवण्यापेक्षा स्वतः वर्तुळ आखून सुरुवात करावी, असे मला वाटते. कर्कटकात पाच सेंटिमीटर अंतर घेऊन वर्तुळ काढावे आणि तेच अंतर न बदलता परिघावर खुणा करत जावे, म्हणजे बरोबर सहा भाग पडतात. प्रत्येकाचे दोन केले की तीस-तीस अंशांचे बारा भाग मिळतात. मग त्याच मध्यबिंदूवरून एकेक सेंटिमीटर अंतराने आतली वर्तुळे काढावीत. एवढा सांगाडा पेन्सिलीने अगदी फिकट आखला की पुढचे सारे काम पेनाने, हातानेच करायचे.

खरा सराव इथे सुरू होतो. आतल्या कड्यात, म्हणजे दोन वर्तुळांमधल्या पट्टीत, बारा भागांत एकेक पाकळी काढायची. पहिली पाकळी काढताना मन इकडेतिकडे असते, चौथ्या-पाचव्या पाकळीला हात घाई करू लागतो आणि सातवीच्या सुमारास, घाई करून काही मिळत नाही हे हाताला कळल्यासारखे होऊन, श्वास आपोआप संथ होतो. मी रेघ ओढताना श्वास सोडते आणि पेन उचलल्यावर घेते. एखादी पाकळी फुगली तर खोडरबर घेऊ नये. उरलेल्या अकरांमध्ये तोच फुगवटा आणावा, म्हणजे ती चूक राहत नाही, नक्षी होते. मन भरकटले की रागावू नये, पेनाच्या टोकाकडे पुन्हा पाहावे.

स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग १९१८-१९च्या सुमारास रोज सकाळी वहीत असेच एक छोटे वर्तुळचित्र काढत आणि त्यात त्या दिवसाची आपली मनःस्थिती पाहत. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ८४ विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासात मंडल रंगवणाऱ्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदावर मनाला येईल तसे रंगवणाऱ्यांपेक्षा अधिक उतरली. मात्र चौकटींची नक्षी रंगवणाऱ्यांनाही जवळजवळ तितकाच लाभ झाला. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण गुण केवळ गोल आकाराचा नसून ठरलेल्या चौकटीत पुन्हा पुन्हा करण्याचा असावा, असे त्यातून दिसते. सारवलेल्या खळ्यात रोज ठिपके मोजून रांगोळी घालणाऱ्या आपल्या आज्यांना हे वेगळे सांगावे लागले नसते.

साहित्य थोडेच लागते : जाड कार्ट्रिज कागद आणि पाण्याने न पसरणाऱ्या शाईचे बारीक टोकाचे पेन. कोकणात मात्र पावसाळ्याचा विचार करावाच लागतो. आषाढात उघड्यावर ठेवलेला कागद हवेतली ओल धरतो, कर्कटकाच्या टोकाने मध्याचे भोक मोठे होते आणि रेघेला दोन्ही बाजूंनी केसासारखे धागे फुटतात. माझी सलग तीन मंडले अशी बिघडल्यावर मी कागद घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवू लागले आणि एका वेळी एकच बाहेर काढू लागले.

मंडल हे उपचारांची जागा घेत नाही. माझी झोप काही आठवड्यांनंतरही जागेवर आली नाही तेव्हा मी डॉक्टरांकडे गेले, आणि रेखाटनही सोडले नाही.

सुरुवातीला वीस मिनिटे पुरेत. मी दिवेलागणीनंतर बसते आणि वेळ संपली की कडे अर्धे असले तरी थांबते, मागे तारीख लिहून कागद डब्यात ठेवते. दुसऱ्या संध्याकाळी तेच कडे, सुटलेल्या पाकळीपासून पुढे.